सतरा नंबरचा हुरडा

सकाळी केंद्रावर आल्या आल्या शोभाबाई खिडकी उघडायच्या, टेबलावरची धूळ फडक्याने झटकायच्या आणि चहा यायच्या आत डॉ. इद्रिसांना एक ईमेल लिहून मोकळ्या व्हायच्या. कुणी सकाळी तुळशीला पाणी घालतं, कुणी पेपर उघडून सरकारला शिव्या घालतं. शोभाबाईंचं हे होतं. उत्तर आलं तर आलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच खिडकी, तेच फडकं आणि पुन्हा पत्र. पत्रात तरी असं मोठं काय असायचं? आज थंडी वाढली. आज नऊ नंबर फुलोऱ्यात आला. पानांवर मावा दिसला, फवारणी केली. बस, एवढंच. पण ज्यांना त्या लिहायच्या त्यांच्या देशात, सुदानात, लढाई पेटली होती. घरदार सोडून पळालेल्या माणसाला 'नऊ नंबर फुलोऱ्यात आला' हे वाचून काय वाटत असेल, ते आपण इथं पोटभर जेवून सांगण्यात अर्थ नाही.

केंद्र म्हटल्यावर काचेची इमारत आणि पांढरे कोट डोळ्यांपुढं आणू नका. पारनेरच्या पठारावर, जिथं विहिरीला पाणी लागलं की लोक गावजेवण घालतात अशा ठिकाणी, एक बैठी इमारत, पत्र्याची शेड, बियाणं ठेवायची एक गार खोली आणि बाकी सगळं मुरमाड रान. तिथं वर्षानुवर्षं एकाच पिकावर काम चालतं, ज्वारीवर. डॉ. शोभा मुळे ह्या तिथल्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली कागदपत्रं सांभाळायला हेडक्लार्क कानिफनाथ शेळके, रान सांभाळायला मुकादम गहिनीनाथ, आणि रोजंदारीवरच्या बायका. त्या बायकांत गोजरबाई सगळ्यांत जुनी. बाई साहेब झाल्या त्याच्या आधीपासून ती तिथं खुरपत होती.

शोभाबाई मूळच्या पारनेरच्याच. वडील मार्तंड मास्तर. मुळ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी नाहीतर लेखणी, नांगराला हात लावलेला माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. पण मास्तरांच्या विद्यार्थ्यांची घरं शेतकऱ्यांची. थंडी पडली की कुणाच्या ना कुणाच्या रानातून हुरड्याचं बोलावणं यायचं, आणि मास्तर लेकीला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोलपट उडवायचं आणि हिरवे दाणे तोंडात टाकायचे. पोरगी परत येताना सांगायची, कालच्यांपेक्षा आजच्यांचा गोड होता, पण परवाच्यांचा दाणा मऊ होता. मास्तर हसायचे आणि म्हणायचे, जीभ आहे का तराजू? पुढं ती शेतकी शिकायला गेली तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली, पोथीवाल्यांची पोर ढेकळांत काय उजेड पाडणार म्हणून. तिनं उजेडबिजेड काही पाडला नाही. गप गुमान काम केलं, डॉक्टर झाली, आणि फिरून आपल्याच तालुक्यातल्या मुरमावर येऊन बसली.

स्वभाव सांगायचा तर बाई तापट. पण राग आला की इतरांचा आवाज चढतो, ह्यांचा खाली यायचा. आवाज उतरला की शेडमधल्या बायका एकमेकींकडं बघून भराभरा कामाला लागायच्या.

इद्रिसांची ओळख जुनी. दोघं तरुण होते तेव्हा हैदराबादला एका प्रशिक्षणात भेटले होते. मेसमध्ये भाकरी वाढली तर ह्या उंच माणसानं ती हातात घेऊन वासच घेतला. मग म्हणाला, आमच्याकडं ह्याच पिठाची आंबवून पातळ पोळी करतात, तुम्ही एवढी जाड का थापता? बाईंना राग आला. भाकरीवरून सुरू झालेलं ते भांडण पंधरा दिवस चाललं आणि त्यातून जन्माची मैत्री झाली. पुढं दोन्हीकडच्या सरकारांचा रीतसर करार झाला, सगळ्या तपासण्या पार पडल्या, आणि इद्रिसांनी त्यांच्याकडच्या गावठी ज्वारींच्या बियाण्याची पेटी इकडं पाठवली. एकेका पाकिटात थोडे थोडे दाणे आणि पाकिटावर नंबर. त्यातला सतरा नंबर खुद्द इद्रिसांच्या आईच्या माहेरचा. हे त्यांनी सोबतच्या पत्रात एका ओळीत कळवलं होतं. बाईंनी ती ओळ लक्षात ठेवली होती, बाकीचं पत्र फायलीत गेलं.

मग लढाई सुरू झाली. पहिल्यांदा पत्र आलं, आम्ही बरे आहोत, वीज नाही. नंतर कितीतरी दिवस काहीच नाही. नंतर आलं ते दुसऱ्याच गावातून. त्यांच्या केंद्रात बंदूकवाले शिरले होते. त्यांना बियाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना फ्रीज हवे होते. त्यांनी फ्रीज रिकामे केले, पाकिटं अंगणात ओतली आणि फ्रीज गाडीत घालून नेले. पुढं इद्रिस आईला घेऊन सरहद्द ओलांडून कैरोला एका नातेवाइकाच्या घरी पोचले. तिथून त्यांनी लिहिलं, "तुमच्या गार खोलीत जे आहे, तेवढंच आता शिल्लक आहे. सांभाळा."

बाईंनी ते पत्र वाचलं आणि सरळ गार खोलीत गेल्या. पेटी होती. पण बियाणंही म्हातारं होतं बघा, ते काही कायम राहत नाही. तपासणीला थोडे थोडे दाणे ओल्या कागदावर ठेवले तर बऱ्याच नंबरांनी बऱ्यापैकी मोड काढले. सतरानं मात्र मान टाकली होती. त्याचे मुळात दाणेच थोडे, त्यात निम्मेअधिक मेलेले. ह्या रब्बीत पेरून नवं बी धरलं तर धरलं, नाहीतर पुढच्या वर्षी पेरायला काही उरणार नव्हतं.

आता इथून पुढं सुरू झाला कागदांचा खेळ. बाईंनी वरिष्ठ कार्यालयाला लिहिलं की परदेशी बियाणं पेरायची परवानगी द्यावी. वरून उत्तर आलं की करार मार्चमध्येच संपला आहे, सबब सदर बियाणं नष्ट करून तसा दाखला सादर करावा. बाईंनी पुन्हा लिहिलं की तिकडं लढाई आहे, मूळ बी राहिलेलं नाही. उत्तर आलं की कराराची मुदत वाढवायची असेल तर भागीदार संस्थेचं पत्र जोडावं, सही आणि शिक्क्यानिशी. ज्या संस्थेला छप्पर राहिलं नव्हतं तिचा शिक्का आणायचा कुठून? त्यातच जिल्ह्याचं नाव बदललं होतं. एक पत्र तर केवळ एवढ्यासाठी परत आलं की कागदावर अहिल्यानगर छापलेलं आणि खाली शिक्का मात्र जुना, अहमदनगरचा. शेळके हेडक्लार्क मुरलेला माणूस, तोसुद्धा कपाळाला हात लावून बसला. बाईंचा आवाज त्या दिवशी इतका खाली गेला की त्या काय बोलल्या ते कुणालाच ऐकू आलं नाही. आणि गंमत अशी की सकाळी इद्रिसांना लिहिताना ह्यातलं अक्षरही त्या कळवायच्या नाहीत. त्यांना फक्त फुलोरा, थंडी आणि मावा.

पेरणीची ओल काही परवानगीसाठी थांबत नाही. बाईंनी शेवटी 'बियाणे देखभाल' असं नाव देऊन पेटीतले सगळे नंबर थोडे थोडे पेरले. सतराचे राहिलेले सगळे दाणे ओल्या फडक्यात बांधले, ज्यांना मोड आले ते प्लॅस्टिकच्या पिशवीत लावले, आणि जगली ती रोपं रानाच्या कडेच्या वाफ्यात लावली. चार रोपं. चार तर चार, म्हणाल्या, चौघांच्या खांद्यावर माणूस शेवटपर्यंत जातो. गोजरबाईनं असलं अभद्र बोलू नका म्हणून त्यांना दटावलं.

आता केंद्रावरची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं पुढं तिच्यावरच आलं. ज्वारीचं शुद्ध बी हवं असेल तर फुलोऱ्याआधी कणसावर कागदी पिशवी बांधतात, म्हणजे शेजारच्या ज्वारीचा पराग त्यावर पडत नाही. केंद्रात गोजरबाईपासून नव्या पोरापर्यंत सगळ्यांना एक ठाऊक होतं. पिशवीतलं कणीस म्याडमचं, उघडं कणीस सगळ्यांचं. बाईंना एखादी जात पसंत पडली नाही की त्या मधेच, कणीस हिरवं असताना, तिच्या पिशव्या काढायला सांगायच्या. पिशवी हिरव्यात निघाली म्हणजे ती जात नापास. मग त्या कणसांचा हुरडा व्हायचा आणि धाटं त्याच संध्याकाळी बैलांपुढं पडायची. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण सरकारी नियमांपेक्षा कसोशीनं पाळली जायची.

पौषात बाईंनी वर लिहिलेल्या पत्रांचा उपयोग झाला. तिघा अधिकाऱ्यांची समिती येऊन पाहणी करणार आणि बियाणं ठेवायचं की जाळायचं ते ठरवणार, असं कळलं. बाई फायली लावायला बसल्या. नेमकं त्याच सकाळी आभाळ भरून आलं आणि अवकाळी बुरबूर सुरू झाली. पाऊस कसला, नुसती रिपरिप, पण पिशव्या भिजून कणसांना चिकटल्या. सतरा नंबर सगळ्यांच्या आधी दाण्यात आलेला, कोवळ्या दाण्याला आत बुरशी धरली तर संपलंच. बाईंनी खिडकीतूनच गोजरबाईला सांगितलं की सतराच्या पिशव्या काढून टाक, कणसांना वारा लागू दे. शेजारी तोपर्यंत दुसरं कुठलं कणीस फुलोऱ्यात राहिलं नव्हतं, त्यामुळं परागाची भीती नव्हती. हे सगळं बाईंच्या डोक्यात होतं. गोजरबाईला त्यांनी एवढंच सांगितलं, काढून टाक. आणि पुन्हा फायलीत डोकं घातलं.

गहिनीनाथ त्या दिवशी घोडेगावच्या बाजाराला गेला होता, केंद्राचा एक बैल बदलायचा होता म्हणून. दुसऱ्या दिवशी आला तर कडेच्या वाफ्यात सतराची कणसं उघडी.

समिती आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडी, गाडीच्या मागं गाडी, हार नको नको म्हणत घातलेले हार. शेळक्यांनी गहिनीनाथाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, थंडीचे दिवस आहेत, पाहुण्यांना हुरडा हवाच. त्यानंही कसूर केली नाही. नेहमीच्या हुरड्याच्या ओळीतली कणसं आणली, आणि साहेबांसाठी म्हणून जरा खास बघावं अशा विचारानं उघड्या सतराचा एक दाणा दाताखाली घेतला. लई गोड लागला. मग काय, चारी कणसं खुडली. ही साहेबांच्या ताटलीत, असं पोरांना बजावलं.

शेडच्या मागं आगटी पेटली होती. गोजरबाई कणसं भाजून चोळत होती. लसणाची चटणी, गूळ, दही, सगळं मांडलेलं. बाई समितीच्या अध्यक्षांना सुदानची हकिगत सांगत होत्या. फ्रीज कसे नेले, बी अंगणात कसं ओतलं, आता ह्या पृथ्वीवर ते फक्त आपल्याकडं कसं आहे. अध्यक्ष ऐकत होते आणि मान हलवत हलवत दाणे तोंडात टाकत होते. एकाएकी त्यांनी हात थांबवला आणि विचारलं की हा हुरडा कुठल्या जातीचा, असा मी जन्मात खाल्ला नाही, घरी न्यायला मिळेल का. बाईंनी हसून त्यांच्या ताटलीतले चार दाणे उचलले आणि तोंडात टाकले.

त्या चावायच्या थांबल्या. केंद्रावरच्या प्रत्येक वाफ्याचा हुरडा त्यांनी खाल्लेला होता. लहानपणी तालुक्यातल्या निम्म्या रानांचा खाल्लेला होता. हा त्यांनी कधीच खाल्ला नव्हता. गोड तर होताच, पण मागून एक वास येत होता, उसाच्या रसासारखा आणि थोडासा धुरकट, जो आगटीचा नव्हता. तोंडातला घास त्यांना गिळवेना आणि थुंकवेना.

त्यांनी गहिनीनाथाला बाजूला घेऊन विचारलं. आवाज इतका खाली होता की त्याला दोनदा विचारावं लागलं.

"पिशवी हिरव्यात काढल्याली हुती म्याडम," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमी नापास केला."

त्याला रागवायचं कशाबद्दल? त्यानं रीत पाळली होती. गोजरबाईनं हुकूम पाळला होता. आणि त्यांनी स्वतः कणीस वाचवायलाच पिशवी काढवली होती. चूक धरायला गेलं तर कुणाच्याच हातात सापडत नव्हती, आणि कणसं मात्र सगळ्यांच्या पोटात गेली होती. समिती खूष होऊन गेली. जाताना अध्यक्षांनी जागेवरच शेरा मारला, सर्व बियाणे राखून ठेवण्यास मंजुरी. ज्याच्यासाठी सगळा आटापिटा केला त्याचं असं झालं.

सगळे गेल्यावर बाईंनी गोणपाटावर सांडलेले दाणे वेचले आणि ओल्या कागदावर ठेवले. भाजलेला दाणा उगवत नाही हे शाळेतलं पोरही सांगेल. तरी त्या रोज कागद उचलून बघायच्या. आठवड्यानं त्याला वास सुटला तेव्हा फेकून दिला.

शेळक्यांनी त्यांच्या परीनं वाट काढून दिली. अहवालात एक ठरलेला रकाना असतो, नुकसानीचं कारण. त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द पडत आलाय, पाखरं. शेळके म्हणाले, पाखरांनी खाल्लं लिहू, कोण विचारतंय, आणि तसं बघितलं तर खोटंही नाही. शेवटचं वाक्य त्यांनी हसवायला म्हणून टाकलं होतं, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी रकाना कोरा ठेवायला सांगितला.

आणि सकाळचं पत्र बंद पडलं. खिडकी उघडली जायची, टेबल पुसलं जायचं, कॉम्प्युटर चालू व्हायचा. काय लिहिणार? आज थंडी कमी झाली? मावा आटोक्यात आला? सतराबद्दल न लिहिता दुसरं काही लिहिणं म्हणजे खोटं बोलणं, आणि सतराबद्दल लिहायचं तर एका म्हाताऱ्या बाईचं माहेर आपण चटणीशी खाल्लं हे लिहावं लागणार. बाई चहा पिऊन सरळ रानात जायच्या. कडेच्या त्या वाफ्याकडं मात्र पाठ करून. तिकडं बघायची त्यांची छाती होत नव्हती. घरीही कुणाला सांगितलं नाही. आपल्याला राग येतो हे त्यांना माहीत होतं, लाज वाटल्यावर काय करायचं हे त्या वयातही त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस इद्रिसांचंच पत्र आलं.

"डॉक्टर शोभा, तुमचं पत्र येत नाही. आमच्याकडं माणूस लिहायचा थांबतो तो एकाच कारणानं. तुमच्याकडं सगळे जिवंत आहेत ना? मी बातम्यांत तुमच्या जिल्ह्याचं नाव शोधलं, सापडलं नाही. आई रोज विचारते."

बाईंनी ते वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून रडल्या. घर गेलेला, देश गेलेला माणूस आपली काळजी करत बसलाय, बातम्यांत आपलं गाव शोधतोय, आणि आपण चार कणसांपायी तोंड लपवतोय. त्यांना स्वतःचा एवढा संताप आला की डोळे पुसायच्या आधी त्यांनी लिहायला घेतलं.

लिहिलं ते सगळं लिहिलं. पिशवीची रीत लिहिली, पावसाची बुरबूर लिहिली, समिती लिहिली. गहिनीनाथाचं नाव घातलं नाही. पिशवी मी काढायला सांगितली आणि का काढायची ते मी सांगितलं नाही, असं लिहिलं. हुरडा म्हणजे काय हे त्यांना समजावं म्हणून आगटी, गोवऱ्या, तळहातावर चोळणं, सगळं सविस्तर लिहिलं. शेवटी लिहिलं की तुमच्या आईंना काय सांगावं ते मला कळत नाही. पाठवायचं बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं नाही. बाईंनी ते गृहीतच धरलं होतं. पण सकाळचं पत्र पुन्हा सुरू केलं. थंडी, फुलोरा, मावा. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं लिहायला जड जात नव्हतं.

उत्तर आलं तेव्हा माघ लागला होता. इद्रिसांनी लिहिलं होतं की तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही, हे तुमच्यापासून लपवत नाही. मग आईला वाचून दाखवलं. "आई हसली," त्यांनी पुढं लिहिलं होतं. "घर सोडल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, आमच्या गावात ही ज्वारी घराजवळ कुणी पेरत नसे, कारण ती पिकेपर्यंत टिकायचीच नाही. पोरं, पाहुणे, वाटसरू, सगळे हिरवीच भाजून खायचे. तुमच्या माणसांनी तिच्याशी नवीन काही केलेलं नाही. आईचे दोन प्रश्न आहेत. मीठ लावलं होतं का? आणि कणसं नुसती खुडली, का धाटंही कापली?"

बाई खुर्चीतून उठल्याच. ज्वारीचं कणीस खुडलं आणि धाट उभं राहिलं तर बुडातून फुटवे येतात, खोडवा धरतो, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? जन्म गेला त्यात. पण हुरड्याची धाटं त्याच संध्याकाळी बैलांपुढं पडतात ही केंद्राची रीत, तेव्हा ती कापली गेली असणार हे त्यांनी न बघताच धरून चाललं होतं. त्यांनी गहिनीनाथाला हाक मारली. तो त्या दिवसापासून त्यांच्या समोर मान वर करत नव्हता, आताही खाली बघतच उभा राहिला.

"सतराची धाटं कुठं टाकलीस?"

"हायेत तशीच," तो म्हणाला. "बैलाला कापायची हुती. पन माझा हात धजला न्हाई म्याडम. तिकडं फिरकलोच न्हाई मी."

म्हणजे बघा. बाई लाजेनं तिकडं गेल्या नाहीत, हा लाजेनं गेला नाही, आणि दोघांच्या लाजेत ती चार धाटं उभी राहिली. दोघं वाफ्याकडं निघाले. बाई पुढं, तो मागं. पानं वाळून पिवळी पडली होती, धाटं करकर वाजत होती. बाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी बुडाजवळचा पालापाचोळा हातानं सारला. दोन धाटं पार गेली होती. तिसऱ्याच्या बुडाशी मात्र हिरवं टोक होतं, बोटाच्या पेराएवढं, आणि चौथ्याच्या बुडाशी दोन. बाई तिथंच मातीत फतकल मारून बसल्या. गहिनीनाथानं टोपी काढून तोंड पुसलं आणि पाणी आणतो म्हणून पळाला. मागून गोजरबाई आली, तिनं बघितलं, आणि काय झालं ते विचारायच्या आधीच डोळ्याला पदर लावला.

त्या दिवशी बाईंनी इद्रिसांना एका ओळीचं पत्र लिहिलं. नुसती खुडली होती. मिठाचं उत्तर त्यांनी राखून ठेवलं. अजून चवीचं बोलायची वेळ आली नव्हती.

पुढचे दोन-अडीच महिने त्या वाफ्याला जे लाड मिळाले ते पारनेर तालुक्यात कुठल्या जावयालाही मिळाले नसतील. उन्हाचा तडाखा लागू नये म्हणून वर साडीचं कापड बांधलं, ते गोजरबाईनं घरून आणलं. रोज सकाळी कळशीनं पाणी. तीनपैकी एक फुटवा खोडमाशीनं नेला तेव्हा केंद्रावर सुतक पडल्यासारखं झालं. राहिलेल्या दोघांवर कणसं आली, लहानशी, कुपोषित, पण कणसं. गोजरबाईनं पिशव्या बांधल्या. पुढं पिशव्या काढायची वेळ आली तेव्हा बाईंनी सगळ्यांना वाफ्यावर बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं, का काढतोय, कशासाठी काढतोय, आणि हे नापास नाही. सगळ्यांसमोर एवढ्या मोठ्यानं त्या बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. दुपारचं जेवण गहिनीनाथ त्या दिवसांत तिथंच, वाफ्याच्या बांधावर बसून जेवायचा. पाखरं राखायला, असं सांगायचा.

वैशाखात दाणे निघाले, मूठभर. बाईंनी ते स्वतः हातावर चोळले, तसेच, हुरडा चोळतात तसे, फक्त आता ते वाळलेले आणि टणक होते. चाखून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. निम्मे गार खोलीत गेले, निम्मे दुसऱ्या एका ठिकाणी ठेवायला वेगळे काढले, एकाच घरात सगळं ठेवायचं नसतं हे त्या आता शिकल्या होत्या. अहवालातला नुकसानीचा रकाना त्यांनी त्या दिवशी भरला. कारण: माणसांनी खाल्ले. शेळक्यांनी वाचलं, चष्मा वर केला, आणि शिक्का मारला. नवा शिक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडून, टेबल पुसून बाई लिहायला बसल्या. ऊन वाढलंय, लिहिलं. सतराचे दाणे मिळाले, दोन्हीकडं सुरक्षित आहेत, तुम्ही परत जाल तेव्हा पाठवीन, लिहिलं. मग थांबल्या. बाहेर गोजरबाई चहाचे कप विसळत होती. बाईंनी शेवटची ओळ लिहिली.

"आईंचा पहिला प्रश्न राहिला होता. मीठ लावलं नव्हतं. लागलंच नाही."